प्रोबायोटिक जिवाणूंचं कवच: आम्ल थांबत नाही, उशिरा पोहोचतं

प्रोबायोटिक जिवाणू जठरातून जिवंत आतड्यात पोहोचावेत म्हणून त्यांना कवच घालतात. त्याची सर्वांत ओळखीची पद्धत म्हणजे अल्जिनेटचे, म्हणजे समुद्रशेवाळातून मिळणाऱ्या जेल होणाऱ्या पदार्थाचे, मणी. जिवाणू मिसळलेलं सोडियम अल्जिनेटचं द्रावण सुईतून कॅल्शियम क्लोराइडमध्ये ठिबकवायचं. थेंब पडताक्षणी गोठतो आणि मणी तयार होतो. हे इतकं सोपं आहे की मणी गोल आला म्हणजे आतले जिवाणू सुरक्षित झाले, असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात नुसत्या अल्जिनेटच्या मण्यातून जठरातलं आम्ल आरपार जातं. कवच आम्लाला अडवत नाही, ते उशीर करतं. तो उशीर किती मिनिटांचा, हे मण्याचा आकार, त्याची आम्ल शोषण्याची क्षमता आणि बाहेरचा थर यांवर ठरतं. कवचाच्या कामातले बहुतेक घोळ ही गोष्ट विसरल्यामुळे होतात, म्हणून इथे तिच्यावरच जास्त लिहितो आहे.

आधी स्ट्रेन (जातीतला नेमका वाण) बघा. बॅसिलस कोॲग्युलन्ससारखे बीजाणू तयार करणारे जिवाणू जठरातून तसेही पार होतात, त्यांना मण्यात घालणं हा वाया खर्च. बिफिडोबॅक्टेरियम ॲनिमॅलिसची लॅक्टिस ही उपजाती आम्ल आणि ऑक्सिजन दोन्ही बऱ्यापैकी सोसते, उलट बिफिडोबॅक्टेरियम लाँगमचे बरेच स्ट्रेन सोसत नाहीत. एकाच जातीतल्या दोन स्ट्रेनमध्येही मोठा फरक असतो, त्यामुळे जातीच्या नावावरून अंदाज बांधू नका. (जुने लेख वाचताना एक लक्षात ठेवा: २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस प्रजातीची फेरमांडणी झाली. जुना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस आणि आजचा लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हे एकच.) मोकळ्या पेशी आधी कृत्रिम जठररसात २ तास ठेवून मोजा. घट १ लॉगपेक्षा, म्हणजे दहापटीपेक्षा कमी असेल, तर तुमची अडचण पचनाची नसून बहुधा साठवणुकीची आहे, आणि तिचा उपाय वेगळा आहे.

जठरात नेमकं काय होतं? पेशीत शिरलेले हायड्रोजन आयन बाहेर फेकायला जिवाणू एटीपी हे पेशीचं ऊर्जाद्रव्य खर्च करतात. ऊर्जा संपली की पेशीच्या आतला पीएच घसरतो, विकरं (एन्झाइम) बंद पडतात, डीएनए खराब होतो. म्हणूनच सोबत थोडा ग्लुकोज असेल तर अनेक लॅक्टोबॅसिलस आम्लात जास्त टिकतात. पुढे लहान आतड्यात पित्तक्षार पेशीपटलातली मेदद्रव्यं सुटी करतात. जठरातून अर्धमेल्या झालेल्या पेशी तिथे पटापट मरतात. त्यामुळे आम्लाची आणि पित्ताची चाचणी वेगवेगळी करून दोन्हीत पास झालो म्हणणं फसवं आहे. चाचणी सलग हवी.

मणी म्हणजे चाळणी

अल्जिनेटच्या जाळीतली छिद्रं साधारण ५ ते २०० नॅनोमीटरची असतात. जिवाणू १ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणून तो आत अडकतो. हायड्रोजन आयन, पित्तक्षार आणि बऱ्याच अंशी पेप्सिन हे जठरातलं पाचक विकरसुद्धा त्याच छिद्रांतून आत जातात. (जिवाणूच १ मायक्रोमीटरचा असल्यामुळे अख्खी पेशी मावेल असा ‘नॅनो’ आकाराचा मणी शक्यच नाही. वेष्टणावर तसं लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा.)

उशिराचा ढोबळ हिशोब मांडता येतो. २ टक्के अल्जिनेटमध्ये कार्बोक्झिल गट लिटरमागे साधारण ०.१ मोल असतात. पीएच ३.५ च्या आसपास ते हायड्रोजन आयन पकडायला लागतात. जोवर बाहेरच्या थरातले गट भरत नाहीत, तोवर आम्लाची आघाडी आत सरकत नाही. पीएच २ च्या रसात लिटरमागे ०.०१ मोल हायड्रोजन आयन, पीएच ३ ला ०.००१ मोल. पाण्यातला विसरणाचा वेग धरून २ मिमी व्यासाच्या मण्याचं गणित केलं, तर पीएच २ ला मध्यबिंदूपर्यंत आम्ल पोहोचायला ३ मिनिटांच्या आसपास लागतात आणि पीएच ३ ला अर्ध्या तासाच्या आसपास. प्रत्यक्ष जेलमध्ये वेग थोडा कमी असतो, त्यामुळे वेळ थोडा वाढेल, पण जठरातल्या २ तासांच्या जवळ जाणार नाही.

हा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १०० मायक्रोमीटर व्यासाचा मणी घेतला तर तो ४०० पटींनी कमी होतो, म्हणजे पीएच ३ लाही ४-५ सेकंद. १०० मायक्रोमीटरपेक्षा लहान नुसत्या अल्जिनेटच्या मण्यांचा जठररसात फारसा उपयोग होत नाही, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. दुसरीकडे १ मिमीपेक्षा मोठा मणी तोंडात वाळूसारखा कचकचतो. म्हणजे खाण्याच्या पदार्थात चालेल असा मणी नुसत्या अल्जिनेटचा असेल तर संरक्षण नाही, आणि संरक्षण देईल असा मणी खाववत नाही. हा पेच सोडवायचे मार्ग दोन: मण्याची आम्ल शोषण्याची ताकद वाढवा, किंवा बाहेरून दाट थर द्या. मी दोन्ही एकत्र करण्याच्या बाजूचा आहे.

मणी करताना

१०० मिलि मिश्रणासाठीचं प्रमाण असं. २०० मिलि एमआरएस माध्यमात (लॅक्टिक जिवाणू वाढवायचं पोषक द्रावण) जिवाणू ३७ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास वाढवा. वाढ थांबायच्या सुरुवातीला काढलेल्या पेशी ताण जास्त सोसतात, जोमाने वाढत असताना काढलेल्या कोवळ्या पेशी पटकन मरतात. ४ अंशांना ४,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४,००० पट) वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, ०.१ टक्का पेप्टोनच्या पाण्याने दोनदा धुवा आणि १० मिलि पाण्यात कालवा. माध्यमात मिलिमागे १ अब्ज पेशी वाढल्या असतील तर या लगद्यात मिलिमागे २० अब्ज असतील.

धुण्यात हयगय करू नका. एमआरएसमध्ये फॉस्फेट आणि सायट्रेट दोन्ही असतात आणि दोन्ही कॅल्शियम पकडतात. न धुतलेल्या लगद्याचे मणी मऊ, पिळपिळीत येतात आणि दोष अल्जिनेटवर जातो. शिवाय वाढलेल्या माध्यमाचा पीएच ४ च्या आसपास उतरलेला असतो. तो आंबट लगदा अल्जिनेटमध्ये ओतला तर तिथेच गुठळ्या होतात. कालवलेल्या लगद्याचा पीएच ६.५ ते ७ वर आणूनच मिसळा.

अल्जिनेट २.२ टक्के करा: ९० मिलि डीआयोनाइज्ड पाण्यात साधारण २ ग्रॅम. नळाच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं, त्यात दाणे राहतात. पाणी जोरात ढवळत ठेवून भोवऱ्यात पूड चिमटीचिमटीने टाका, नाहीतर बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या गाठी होतात. मग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. बुडबुडा राहिलेला मणी तरंगतो आणि त्याची एक बाजू पातळ होते. निर्जंतुक करायला १२१ अंशांना १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह केलं तर साखळ्या तुटून द्रावण पातळ होतं. ते करणारच असाल तर घट्टपणा नंतर मोजा आणि त्यानुसार अल्जिनेट थोडं वाढवा. अल्जिनेटची साखळी ग्युलुरोनिक आणि मॅन्युरोनिक या दोन आम्लांची असते. ग्युलुरोनिक आम्ल जास्त असलेलं अल्जिनेट कडक मणी देतं, मॅन्युरोनिक जास्त असेल तर मणी लवचीक होतो. या कामाला पहिलं बरं.

९० मिलि अल्जिनेटमध्ये १० मिलि लगदा मिसळला की अल्जिनेट २ टक्क्यांवर येतं आणि पेशी मिलिमागे २ अब्जांच्या आसपास. इथेच २ ग्रॅम न पचणारा मक्याचा स्टार्च घालता येतो. तो जाळीतल्या मोकळ्या जागा भरतो. त्याचबरोबर १ ग्रॅम बारीक कॅल्शियम कार्बोनेट घाला. हे माझ्या मते या सगळ्या कृतीतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. १ टक्का कार्बोनेट लिटरमागे ०.२ मोल आम्ल खाऊन टाकतं, म्हणजे अल्जिनेटच्या कार्बोक्झिल गटांच्या दुप्पट. पण लगदा आंबट राहिला असेल तर कार्बोनेटमधलं कॅल्शियम सुटतं आणि मिश्रण सिरिंजमध्येच गोठायला लागतं. पीएचचा आग्रह त्यासाठीसुद्धा. आम्लात कार्बोनेटचा वायू होतो, म्हणून २ टक्क्यांच्या पुढे गेलात तर मण्याला भेगा पडायची भीती.

कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण ०.१ मोलर. दोन पाण्याच्या रेणूंसह येणारी पूड असेल तर लिटरमागे १४.७ ग्रॅम, निर्जल असेल तर ११.१ ग्रॅम. बाटलीवर कुठली आहे ते वाचूनच तोला. १०० मिलि मिश्रणाला १ लिटर द्रावण घ्या, हळू ढवळत ठेवा. २७ गेजच्या सुईतून १० सेंमी उंचीवरून थेंब पाडले की मणी साधारण २ मिमीचे येतात. थेंब सुईवरून स्वतःच्या वजनाने सुटतो, त्यामुळे सुई आणखी बारीक करून आकार फारसा उतरत नाही. अर्ध्या मिमीच्या खाली जायचं तर कंप पावणारी नळी किंवा विद्युतदाब लावलेली सुई लागते. मण्याला शेपूट आलं तर उंची कमी पडते आहे किंवा मिश्रण फार घट्ट आहे. मणी चपटा झाला तर उंची जास्त आहे किंवा मिश्रण पातळ आहे. ३० मिनिटं घट्ट होऊ द्या. जास्त वेळ ठेवलं तर मणी आकसतो, पाणी सोडतो आणि त्याबरोबर पृष्ठभागालगतच्या पेशीही सुटतात.

धुवायला फॉस्फेट बफर कधीच वापरू नका, मणी विरघळायला लागतील. मिठाच्या पाण्यात दीर्घकाळ ठेवणंही वाईट, सोडियम हळूहळू कॅल्शियमची जागा घेतो.

जास्त माल लागत असेल तर तेलात ढवळून मणी करतात: अल्जिनेटचं मिश्रण थोडं ट्वीन ८० (तेल-पाणी मिसळायला मदत करणारं द्रव्य) घातलेल्या वनस्पती तेलात फेटायचं आणि मग कॅल्शियम क्लोराइड सोडायचं. मणी लहान होतात, आकार एकसारखा नसतो, आणि तेल धुऊन काढणं जिकिरीचं. शिवाय वरचा हिशोब आठवा: लहान मण्याला थर नसेल तर तो व्यर्थ.

कायटोसानचा थर

कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळतं. अल्जिनेट ऋणभारित, कायटोसान धनभारित. दोघांचा मण्याच्या पृष्ठभागावर दाट थर बनतो. ९० मिलि पाण्यात ०.४ मिलि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल, त्यात ०.४ ग्रॅम कमी रेणुभाराचं कायटोसान. विरघळलं की सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ५.७ वर आणा, १०० मिलि करा, गाळा. पीएच ६.३ च्या पुढे गेला तर कायटोसान साका होऊन खाली बसतं. १०० मिलिमध्ये १५ ग्रॅम ओले मणी घालून हळू ढवळत ४० मिनिटं ठेवा. जास्त रेणुभाराचं कायटोसान बाहेरच अडकतं आणि थर सैल होतो. आत कार्बोनेट घातलं असेल तर या किंचित आंबट द्रावणात पृष्ठभागाजवळचं थोडं विरघळतं, म्हणून वेळ २० मिनिटांवर आणणं शहाणपणाचं.

कायटोसान स्वतः जिवाणूनाशक आहे. ते बाहेरच राहिलं तर ठीक, मिश्रणातच घातलं तर तुम्हीच पेशी माराल. या थराचा खरा फायदा आम्लापेक्षा पित्ताविरुद्ध जास्त आहे, कारण ऋणभारित पित्तक्षार धनभारित कायटोसानला चिकटतात आणि आत कमी पोहोचतात.

सुकवणं: दोन वेगळी कामं

ओल्या मण्यात बहुतेक पाणीच असतं. फ्रिजमध्येही ते फार दिवस टिकत नाहीत, म्हणून सुकवावं लागतं. इथे एक गोंधळ सतत दिसतो. स्किम्ड मिल्क पावडर, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा गम अरेबिकमध्ये स्प्रे ड्राय केलेल्या (गरम हवेत फवारून सुकवलेल्या) जिवाणूंना ‘कवच घातलेले’ म्हटलं जातं. ते कवच साठवणुकीपुरतं आहे. पाण्यात विरघळणारी भिंत जठरात पोहोचल्यावर काही मिनिटांत नाहीशी होते. दुधातली प्रथिनं थोडं आम्ल शोषतात, तेवढीच मदत.

स्प्रे ड्रायरमध्ये आत जाणाऱ्या हवेचं तापमान १५० अंश असलं तरी थेंब ओला असेपर्यंत तो त्याच्या खूप खाली राहतो. पेशी मरतात त्या शेवटी, कण सुकल्यावर, बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानाला. म्हणून नियंत्रण त्या आकड्यावर ठेवा: ६० ते ७० अंश. ८० ला गेलात तर नाजूक स्ट्रेनची मोठी घट होते, ५५ ला आलात तर पूड ओलसर राहून साठवणुकीत मरते. सायक्लोनखालच्या (हवेतून पूड वेगळी करणाऱ्या भागाखालच्या) बरणीत गरम पूड तशीच पडू देऊ नका, अधूनमधून काढून गार करा.

फ्रीझ ड्रायिंग (गोठवून निर्वातात सुकवणं) महाग पण सौम्य. मणी आधी १० टक्के ट्रेहॅलोजमध्ये ३० मिनिटं भिजवा म्हणजे साखर आत शिरते. ट्रेहॅलोज पेशीपटलाजवळ पाण्याची जागा घेतं आणि सुकल्यावर काचेसारखी अवस्था देतं. पहिल्या टप्प्यात मालाचं तापमान उणे ३० अंशांच्या खाली ठेवा. त्याच्या वर साखरेचा गाभा खचतो आणि पूड चिकट होते. शेवटी पाण्याची क्रियाशीलता (मालात मोकळं पाणी किती उरलं याचं शून्य ते एक असं माप) ०.२ च्या आसपास यायला हवी. ओलावा आणि ऑक्सिजन आत येऊ न देणारं वेष्टण नसेल तर ही सगळी मेहनत काही आठवड्यांत वाया जाते.

सुक्या पुडीला आम्लविरोधी थर द्यायचा तर फ्लुइड बेडमध्ये (हवेच्या झोतावर कण तरंगत ठेवणारं यंत्र) कणांवर वितळलेला मेद किंवा आम्लात न विरघळणारा पॉलिमर फवारतात. अशा पॉलिमरांपैकी युड्रॅजिट एल १०० पीएच ६ च्या वर विरघळतो, एस १०० पीएच ७ च्या वर. मेदाचा थर लहान आतड्यात लायपेज हे मेद पचवणारं विकर फोडतं. कण १०० मायक्रोमीटरपेक्षा बारीक असतील तर ते एकमेकांना चिकटून गोळे होतात, २०० ते ५०० मायक्रोमीटर सोयीचे. मेदाच्या थरावर गोळी दाबली तर थराला तडे जातात, आणि गरम पेयात तो वितळतो. औषधासारखं उत्पादन असेल तर सुकी पूड सरळ आम्लरोधक कॅप्सूलमध्ये भरणं हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे. मण्यांची खटपट खरी लागते ती खाद्यपदार्थात मिसळायचं असतं तेव्हा.

मोजमाप

मणी मोजायच्या आधी पूर्ण विरघळायलाच हवेत. १ ग्रॅम मणी ९ मिलि पीएच ७ च्या १ टक्का सोडियम सायट्रेटमध्ये १०-१५ मिनिटं हलवा. कायटोसानचा थर असेल तर जास्त वेळ लागतो. एक अख्खा मणी प्लेटवर पडला तर आत लाखो पेशी असूनही एकच वसाहत दिसते. मग एमआरएस अगारवर, ऑक्सिजनविना, ३७ अंशांना ४८ ते ७२ तास.

पचनाच्या चाचणीला इन्फोजेस्ट ही संशोधकांनी मिळून ठरवलेली प्रमाण पद्धत धरा: जठराचा टप्पा पीएच ३, मिलिमागे २,००० युनिट पेप्सिन, २ तास, मग आतड्याचा टप्पा पीएच ७, १० मिलिमोलर पित्तक्षार आणि पॅन्क्रिएटिन (स्वादुपिंडातल्या विकरांचं मिश्रण), २ तास. रिकाम्या पोटी घ्यायचं उत्पादन असेल तर पीएच २ लाही करा, कारण वर पाहिलं तसं ३ ला छान दिसणारा मणी २ ला कोसळू शकतो. मण्यांचं रसाशी प्रमाण नेहमी लिहून ठेवा. १ मिलि मण्यांतले कार्बोक्झिल गट पीएच २ च्या जवळपास १० मिलि रसातलं आम्ल संपवू शकतात. १ ग्रॅम मणी ९ मिलि रसात घालून मिळालेलं ‘संरक्षण’ निव्वळ रसातलं आम्ल संपल्यामुळे असू शकतं. ते ओळखायला तिसरी तुलना ठेवा: मोकळ्या पेशी आणि सोबत तितकेच रिकामे मणी. तिथल्या मोकळ्या पेशीही वाचल्या, तर तुमच्या कवचाने वेगळं काही केलेलं नाही. चाचणी चालू असताना पीएच मोजून पुन्हा खाली आणत राहा.

टक्केवारी वाचताना लॉगच्या भागाकारापासून सावध. १० लॉगवरून ९ लॉगवर आलेली संख्या काही जण ‘९० टक्के टिकले’ अशी लिहितात. प्रत्यक्षात ९० टक्के मेलेले असतात. किती लॉग घटले ते सरळ लिहा, आणि उत्पादनात ग्रॅममागे १० लाख ते १ कोटी जिवंत पेशी हव्यात हा रूढ निकष मुदतीच्या शेवटच्या दिवसाला लावा, भरण्याच्या दिवसाला नाही.

आतड्याच्या टप्प्यानंतर दोन आकडे वेगळे घ्या: रसात सुटलेल्या पेशी आणि मण्यात अडकून राहिलेल्या पेशी. अल्जिनेट तिथे फॉस्फेट आणि बायकार्बोनेटमुळे सैल होतं, पण कायटोसानचा जाड थर त्याला धरून ठेवतो. २ तासांनी मणी अख्खे दिसत असतील तर कायटोसान ०.४ वरून ०.२ टक्क्यांवर आणा किंवा बुडवण्याची वेळ निम्मी करा. दुसऱ्या थरावर तिसरा, चौथा थर चढवत गेलं की जठरातला आकडा सुधारत जातो आणि सुटलेल्या पेशींचा आकडा पडत जातो. दोन्ही एकाच आलेखावर मांडले की थर कुठे थांबवायचा ते दिसतं, आणि बहुतेक वेळा ती जागा पहिल्या थराच्या जवळच असते.